हिरवं वाक्य

बाबांच्या गाठीचा रिपोर्ट मोबाइलवर येणार होता. दवाखान्यात मुलाचं बूड बाकाला टेकत नव्हतं. दर मिनिटाला तो पान रिफ्रेश करत होता. अखेर हिरव्या अक्षरांत उमटलं, ‘काळजीचं काही कारण नाही.’

बहिणीचा जीव भांड्यात पडला. "आई, सुटलो गं!" असं फोनवर ओरडूनही झालं. बाबा तर दारापर्यंत पोहोचलेसुद्धा.

हा मात्र पान उघडतोय, मिटतोय, पुन्हा उघडतोय. हिरवंच.

"दादा, पुरे की आता! दवाखान्याची ही वेबसाइट तूच केलीस ना? मग स्वतःच्या कामावर तरी भरवसा ठेव."

त्याचा अंगठा पुन्हा रिफ्रेशवर गेला. "सर्व्हर आत काय वाटेल ते बोंबलू दे, पेशंटला एररचं लाल अक्षर दिसता कामा नये," असं वेबसाइट करताना साहेबांनी बजावलं होतं, आणि याने एका दुपारी हसत हसत खास कोड लिहून दिला होता: रिपोर्ट सापडलाच नाही, तरी हेच हिरवं वाक्य दाखवायचं.