बाक

दुकानदाराने दिलेला पॉलिश पेपर आईने बोटांनी चाचपला आणि परत सारला.

"याने नाही निघायचं. खोल कोरलंय. सगळ्यात खरखरीत द्या." मग तिने खाचा बुजवायची पुट्टी, ब्रश आणि वॉर्निशचा डबा निवडून घेतला.

"घरचं टेबल का, ताई?"

"लेकीचा शाळेतला बाक. वर्गातल्या पोरांनी तिच्याबद्दल घाण कोरून ठेवलीय. मुख्याध्यापक म्हणतात, तिलाच दुसरीकडे बसवू."

सांगतानासुद्धा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि एवढं सगळं तुम्ही एकट्या घासणार?" दुकानदार हळहळला.

पैसे देऊन ती तडक शाळेत गेली आणि पिशवी मुख्याध्यापकांच्या पुढ्यात ठेवली.

"सामान मी आणलंय. घासायला त्या पोरांच्या बापांना बोलवा. माझी लेक जागची हलणार नाही."