भात्यातला धूर

राखी पेटीचा भाता उघडायची आणि घरात कोणीतरी बिडी ओढत येऊन बसल्यासारखं व्हायचं.

पेटी जुनी, दिघोरीहून विकत आणलेली. कौशल्याबाईंच्या नवऱ्याची, भैय्याजींची. भजनी मंडळात त्यांनी ती जन्मभर वाजवली. बोटं पट्ट्यांवर आणि ओठांत बिडी. ते गेल्यावर बाईंनी पेटी विकून टाकली. राखीला लहानपणापासून शिकायची हौस. पण पट्टी दाबली की सुराआधी धूर यायचा आणि डोकं ठणकायला लागायचं.

तिनं पेटी उन्हात ठेवली, तर वास आणखीच जागा झाला. ऊद-कापूर लावला, तर देवळात कोणी बिडी ओढून गेल्यासारखं झालं. शेवटी तिनं स्क्रूच काढले. पट्ट्यांखालचं लोकरी कापड धुरानं पिवळं पडलं होतं. ते काढून नवीन चिकटवलं. लाकूड आतून पुसलं, वाळवलं. मग धानाच्या रिकाम्या कोठीत पेटी ठेवली, भाता उघडाच ठेवून. भोवती लाकडी कोळशाच्या पुरचुंड्या लावल्या, वर झाकण टाकलं आणि तिकडे फिरकलीच नाही.

मोहफुलं वेचून संपली तेव्हा तिनं झाकण काढलं. भात्याची हवा तोंडावर घेतली. काहीच नव्हतं. कोरी हवा.

त्यानंतरच्याच बाजाराला कौशल्याबाई राखीच्या गावी, सानगडीला आल्या आणि विचारत विचारत तिच्या दारात उभ्या राहिल्या.

"पोरी, पेटी एकडाव पाहू देतं का?"

"या ना काकू, बसा," राखी म्हणाली. बाई आपल्या माणसाच्या वासासाठी आल्या असणार, आणि तो तर तिनं कोळशाला पाजून टाकला होता.

दुपार कलली होती. कौलांच्या फटींतून कवडसे उतरले होते आणि त्यांत धूळ इतकी सावकाश फिरत होती की घर पाण्याखाली असल्यासारखं वाटावं. बाई पेटीच्या बाजूला, भिंतीला लागून, एक गुडघा उभा करून बसल्या.

राखीला राहवेना. "काकू, तिले वास होता ना... तो मी काढला. माह्या डोक्यात जाये."

बाई पेटीकडे सरकल्या. त्यांनी भाता हळूच ओढला, वाकून श्वास घेतला. पुन्हा ओढला. डोळे मिटून कितीतरी वेळ तशाच राहिल्या. रस्त्यावर कोणाच्या तरी सायकलची घंटी वाजली आणि विरली.

"उठले वाटते," त्या म्हणाल्या.

"कोण, काकू?"

"आमचे बुवा. मेले, पण इथून उठलेच नोहते. भाता ओढला का सामने येऊन बसत. मंग त्याईच्या सामने मी कशी वाजवू?"

राखी बघतच राहिली. "तुमाले पेटी येते?"

"शिकली कुठं? आयकली. ते बाहेर सपरीत वाजवत, मी आत चुलीपाशी. कणीक मळता मळता परातीच्या काठावर बोटं चालवत होती." बाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "एकडाव पेटीले हात लावला होता. ते काही बोलले नाही. नुसतं पाह्यलं."

मग राखी म्हणाली, "काकू, तुमी घेऊन जा पेटी."

"कायले? त्या घरच्या भिंतीईले बी तोच धूर आहे. राहू दे इथंच. मी बाजाराले येतच असते."

राखीनं पेटी त्यांच्याकडे सरकवली. बाईंनी आधी उभा गुडघा खाली घेतला. पदर खोचला, आणि पुरुष बैठकीत बसतात तशी ऐसपैस मांडी घालून पेटीच्या बरोबर समोर बसल्या. एक पट्टी दाबली. सूर लांबत गेला, घरभर पसरला. त्यांनी दचकून बोट उचललं. कोणी काही म्हणालं नाही. त्यांनी ते पुन्हा ठेवलं.

मग दुसरं बोट, तिसरं. अडखळत, चाचपडत एका भजनाची चाल वर येऊ लागली. राखी चहाला म्हणून उठली होती, ती दाराच्या चौकटीशीच थांबली. कवडसे बाईंच्या हातांवरून सरकत होते. चाल मध्येच चुके. बाई लहान मुलीसारख्या खुदकन हसत आणि पुन्हा पहिल्या पट्टीवर येत.