सुलतानची गोळी

सुलतान कुत्र्याच्या नाकाची, पंजांची सोललेली कातडी नव्यानं निघालेल्या गोळ्यांनी भरून आली, तसा रेवणसिद्ध त्याला नि मेंढरांना घेऊन चराईला निघायच्या तयारीला लागला. पूर्णा गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला अडवलं. “कुत्र्याच्या रक्तातली रोगाशी लढायची ताकदच त्याच्या अंगावर उलटली होती. गोळीनं ती दबलीय, पण आता बाहेरच्या रोगाशीही त्याला झुंजता येणार नाही. परक्या कुत्र्यांत नेलंस तर मरेल.” “मग गोळी बंद करू?” “तरी मरेल.” सकाळी रेवणसिद्धानं मेंढरं धाकट्या भावाच्या हवाली केली. उभ्या जन्मात तो कधी मागं राहिला नव्हता. “आन् तुमी न्हाई जायचं?” भागम्मानं नवऱ्याला विचारलं. “मी गेलो तर ह्यो दावं तोडून मागं यील.” कळप वळणाआड गेला. सुलतान कान टवकारून उठला, मालकाकडं पाहू लागला. मालक उंबऱ्यावर बसलेलाच होता. मग सुलतान त्याच्या पायाशी पसरला.