असला शेजार

अर्धा टक्का विक्रीकर वाढवून नवा तुरुंग आणि व्यसनमुक्ती केंद्र बांधायला आमच्या काउंटीने भरभरून मतं दिली. पण जागा ठरवायच्या सभेत जो तो म्हणे, "काम चांगलंच आहे हो, फक्त आमच्या बाजूला नको."

शेवटी ऑर्लीनआजी उठल्या. "माझ्या मक्याच्या शेतात बांधा. जमीन फुकट देते."

टाळ्या थांबल्यावर अध्यक्ष ड्वेन हसत म्हणाले, "आजी, भीती नाही वाटणार? असल्या लोकांचा शेजार!"

"भीती कसली? इथे जागा नाही म्हणून माझ्या नातवाला पलीकडच्या काउंटीच्या तुरुंगात ठेवलंय. भेटायला जाऊन जाऊन कंबर मोडली माझी."

आजी खाली बसता बसता थांबल्या.



"तुझा थोरला त्याच्याच कोठडीत आहे म्हणून बरं, ड्वेन. पत्ते खेळायला जोडी तरी आहे."