तोंड बांधून नांदेडला

अरे ऐका ना! आमच्या सौदामिनी मॅडम लातूरला कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. लोक डोक्याच्या डॉक्टरकडं जायला का लाजतात, ह्याच्यावरच त्यांचा रिसर्च हाय. आन् माझं ध्यान तर पुस्तकात पाच मिनटं टिकत न्हाई, दोनदा नापास झालो. मॅडमच म्हणल्या, "सत्यम, हा आजार असतो बाबा. डॉक्टरला दाखव, लाज कशाची?"

पटलं मला. पण लातुरात कुणी बघितलं तर मुरुडला घरापर्यंत बोंब! म्हणून तोंडाला रुमाल बांधला आन् सरळ नांदेडची एसटी धरली.

दवाखान्यात शेजारी एक बाई बसलेली. तोंडाला स्कार्फ, डोळ्याला गॉगल. खोकली, आन् मी लगेच वळखलं.

"मॅडम, तुम्ही?"

"हळू बोल रे! रिसर्चला आलेय."

"मग पेशंटमधी नंबर कशाला लावला?"

"तू गप बस की जरा!"

तेवढ्यात कंपाउंडर बाहेर आला, इकडंतिकडं बघितलं आन् आमच्या कानाशी वाकला. "डॉक्टरसाहेब आज न्हाईत."

"का बरं?"



"स्वतःला दाखवायला लातूरला गेलेत. इथं समदे वळखतात ना त्यांना!"