मधली बोट

“आज नशीब काढलंत तुम्ही,” मुसअबने मांडव्याला निघालेल्या लाँचमधल्या क्रूझच्या पाहुण्यांना सांगितलं. “मुंबईच्या धक्क्याला आज आपली एकटीच बोट आहे. कुठंही गर्दी लागणार नाही.” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, जणू बाकीच्या बोटी त्यानेच पिटाळून लावल्या होत्या.

त्याचं कामच ते. क्रूझवर तो सहलींच्या टेबलावर बसायचा. धक्क्याला एकच बोट असेल तर पाहुण्यांना हवं तिथे न्यावं, दोन असतील तर गेटवे सकाळीच उरकावं, तीन लागल्या तर मुंबईचं नाव काढू नये. कुठल्या दिवशी किती बोटी, हे त्याला तोंडपाठ असे.

आणि हेच गणित तो घरीही चालवी. बोट मुंबईला आली की म्हसळ्याहून अम्मीचा फोन ठरलेला. “एकदा तुझी बोट आतनं बघायची हाय रे, बाबा. पडदा यायच्या आधी.” तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. घरच्या माणसांना आत न्यायचा पास मागितला तर मिळत असे. मुसअबला तो मागायचाच नव्हता. अम्मीचं ते गावभर ऐकू जाणारं बोलणं, अब्बांची चौकड्यांची लुंगी, हातात सांदणांचा डबा, आणि समोर काचेच्या जिन्यावर उभे त्याचे इस्त्रीतले सोबती. नुसत्या कल्पनेनेच त्याचे कान तापत. मग तो म्हणे, “आज तीन बोटी लागल्यात, अम्मी. एकच असते तेव्हाच पास मिळतो.” आज पहाटेही त्याने हेच सांगितलं होतं.

लाँच मांडव्याला लागली. अलिबागला नेणारी गाडी यायची होती, म्हणून त्याने पाहुण्यांना जेटीवरच सावलीत उभं केलं. कठड्याजवळच्या बाकावर एक बाई पाठमोरी बसली होती. तिच्या अंगावरची पिवळी ओढणी त्याने ओळखली. गेल्या ईदला त्यानेच अम्मीला आणलेली.

तो चटकन दोन उंच पाहुण्यांच्या आड सरकला.

“अलिबागला डोळे दाखवून झाले, इथवर आलोच हाव, तर जाऊ की पुढं मुंबईला,” जुलेखा नवऱ्याला म्हणत होती. तिचं हळू बोलणंही जेटीभर पोचत होतं. “तासाभराची तर वाट हाय.”

“तो नको म्हनलाय ना.”

“तीन असल्या तर नकोच. पोराला कशाला घोर? पन तुमी एकदा बघा तरी. दोन सुटल्या पन असतील. मला नुसतं धुकं दिसतं.”

नुरुद्दीन उठला. आज त्याच्या अंगावर लुंगी नव्हती. लग्नकार्याला घालायची पँट होती, तिला समोरून कडक घडी होती. दाढीही कोरून घेतलेली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला कोणी एवढं नटत नाही, हे मुसअबलाही कळलं.

हवा स्वच्छ होती. पलीकडे मुंबईच्या अंगाला एकच पांढरी बोट दिसत होती. शेंबडं पोरही मोजायला चुकलं नसतं.

नुरुद्दीनचा चेहरा एकदम खुलला. बायकोला काही न सांगता, खिशात हात घालत तो तिकिटाच्या खिडकीकडे वळला, आणि पाहुण्यांच्या मधून दिसणारा पांढराशुभ्र गणवेश त्याच्या नजरेला पडला. गणवेशाच्या वर त्याच्या मुलाचं तोंड होतं.

बापाचा हात हाक मारायला अर्धा वर गेला.

मुसअबने चार पावलं पुढे टाकायची होती, बस. पण पुढे जाऊन सांगायचं काय? त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तरीही पाय हलेनात. त्याने मान खाली घातली आणि छातीवरची नावाची पट्टी उगाच सरळ करत राहिला.

अब्बांचा हात खाली आला. ते परत बाकाकडे गेले.

“काय झालं? किती हायत?” जुलेखाने विचारलं. डबा घेऊन ती अर्धी उठलीही होती.

नुरुद्दीन तिच्या आणि मुलाच्या मधे, समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

“तीन,” तो म्हणाला. “पोरगा आपला खोटं कशाला बोलंल?”

“तरी बरं, गेलो न्हाय. त्याची पंचाईत झाली असती.” ती परत खाली बसली. डबा तिने मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, “अवो, त्यातली आपल्या मुसअबची कुठली?”

“मधली.”

जुलेखाने ओढणी डोक्यावर नीट ओढून घेतली. ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटली. मग मुलाकडे पाठ करून, समोरच्या त्या धुक्यात जिथे मधली बोट असेल तिथे, तिने त्या दुआची हलकेच फुंकर घातली.