गुहागरच्या वाटेवर तापणारी गाडी

गुहागरच्या वाटेवरच्या चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा पुन्हा लालवर गेला आणि गाडी आपणहून कडेला थांबली. "इंजिन तापलंय. पुढे जाणं धोक्याचं आहे," गाडीच म्हणाली.

कुमुदताईंनी जवळच्या गॅरेजमधून अस्लमला बोलावलं. त्याने बॉनेट उघडून रेडिएटरला हात लावला. "काकू, कूलंट भरलेलं आहे, पंखा फिरतोय, इंजिन नुसतं कोमट आहे. गाडी खोटं बोलतेय."

कुमुदताईंना तोच संशय होता. बाजारात किंवा देवळात जाताना गाडी कधी तापत नसे. तापायची ती फक्त गुहागरला शरदरावांकडे निघाल्यावर. उतारवयात दोघांनी एकत्र राहायचं ठरवलं होतं आणि मुलाला, निनादला, ते पसंत नव्हतं.

तेवढ्यात पुण्याहून निनादचाच फोन आला. "आई, इंजिन तापलं ना? उगाच उन्हात थांबू नकोस, घरी परत जा."

"तुला कुणी सांगितलं?"

"तू तिकडे निघालीस की तापल्याचं सांगून थांबायचं आणि मला कळवायचं, असं गाडीला मीच सांगून ठेवलंय. तुझ्या काळजीपोटी गं."

कुमुदताईंनी फोन बंद केला. त्यांनी किल्ली अस्लमच्या हाती दिली, पिशवी उचलली आणि मागून येणाऱ्या गुहागर एसटीला हात केला.